पांढरं झालेलं परत येतं का? जळालेले हायलाइट्स, एआयची 'भर' आणि नवा नियम

लग्नाचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मांडवात एलईडी लाइट समोरून लावलेला, नवरीचा चेहरा छान उजळलेला, पण नथीच्या जागी नुसता पांढरा ठिपका. मोती किती, मधला खडा लाल की हिरवा, काहीच कळत नाही. घरातलं कुणीतरी तो फोटो एडिटिंग ॲपमध्ये टाकतं, 'एन्हान्स'चं बटण दाबतं आणि काही सेकंदांत नथ हजर! मोती सुटे सुटे, खडा चमकतोय. सगळे खूश. आजी तेवढी चष्मा लावून जवळून बघते आणि म्हणते, "छान आहे गं, पण ही आपली नथ नाही."

प्रसंग कल्पनेतला असला तरी आजीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे. ती नथ कॅमेऱ्याने टिपलेलीच नव्हती. ॲपने हजारो नथींच्या फोटोंवरून एक 'शोभेल अशी' नथ तिथे बसवली.

आत्तापर्यंत हा विषय फोटोग्राफरांच्या गप्पांपुरता होता. 'फोटो ओव्हर झाला', 'हायलाइट्स जळाले' ही त्यांची भाषा. पण फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली आणि एआयने बनवलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या मजकुराला लेबल लावणं बंधनकारक केलं. त्याच नियमांत नेहमीचं, प्रामाणिक हेतूने केलेलं एडिटिंग मात्र वगळलं आहे. म्हणजे 'सुधारणा' कुठे संपते आणि 'निर्मिती' कुठे सुरू होते, हा प्रश्न आता कायद्याचाही झाला. आणि ही सीमारेषा फोटोत नेमकी कुठून जाते? बहुतेक वेळा त्या पांढऱ्या ठिपक्यातून.

हायलाइट जळतो म्हणजे नेमकं काय होतं?

कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे पावसात अंगणात मांडून ठेवलेल्या कोट्यवधी छोट्या बादल्या समजा. पाऊस म्हणजे प्रकाश. शटर उघडं आहे तोवर प्रत्येक बादलीत पाणी साठतं, शटर बंद झालं की किती साठलं ते मोजलं जातं. आता एखादी बादली काठोकाठ भरली, तर त्यानंतर पडलेलं पाणी वाहून जातं. मोजणाऱ्याला फक्त 'भरली' एवढंच कळतं. थोडंच वाहून गेलं की शंभर बादल्या वाहून गेल्या, याची कुठेही नोंद उरत नाही.

हायलाइट जळणं म्हणजे हेच. साध्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. पांढऱ्या सदऱ्यावरची घडी आणि मागचा सूर्य, दोन्ही काठाच्या वर गेले की दोघांची नोंद २५५ होते. घडी आणि सूर्य यांच्यातला फरक फाइलमधून पुसला जातो.

सावलीचं असं नसतं. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या बादलीत दोन-चार थेंब तरी असतात. ते मोजताना चूक होते, म्हणून फोटो उजळला की तिथे दाणेदार नॉइज दिसतो. पण थेंब असतात. म्हणून अंधारलेला फोटो बराचसा वाचवता येतो आणि जळालेला फोटो वाचत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फिल्मवर काम केलेल्या मंडळींना हे सुरुवातीला जड गेलं, त्यालाही कारण आहे. निगेटिव्ह फिल्म उजेडाकडे हळूहळू थकत जाते. प्रकाश वाढला तरी तिची नोंद एकदम थांबत नाही, मंदावत जाते. म्हणून निगेटिव्हवर सावल्या सांभाळून एक्स्पोजर द्यायची शिकवण होती. डिजिटलमध्ये काठ आला की संपलं. त्यामुळे शिकवण उलटी झाली: आधी हायलाइट्स सांभाळा, सावल्यांचं नंतर बघू.

यात आणखी एक खोच आहे. सेन्सरवरची प्रत्येक बादली लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजते आणि तिन्ही एकाच वेळी भरत नाहीत. भर उन्हात झेंडूची रास टिपा. फोटो पांढरा पडलेला दिसत नाही, एकत्रित हिस्टोग्रामही ठीक वाटतो, पण पाकळ्यांचा पोत गेलेला असतो आणि केशरी रंगाचा सपाट गोळा उरतो. कारण लाल चॅनेल एकटाच भरून वाहिलेला असतो. हळदीच्या समारंभाचे फोटो, लाल-पिवळ्या दिव्यांतला गणपतीचा मांडव, कुंकवाचा मळवट, या सगळ्यात हाच घोटाळा होतो. पांढरा ठिपका निदान डोळ्यांना दिसतो. एका रंगाचं जळणं लक्षातही येत नाही.

एकच स्लायडर, तीन वेगळी कामं

एडिटिंग ॲपमध्ये 'हायलाइट्स' नावाचा एक स्लायडर असतो. तो डावीकडे ओढला की ढग परत येतात, असा अनुभव सगळ्यांना आहे. पण 'परत येतात' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या की पुढची सगळी चर्चा सोपी होते.

पहिली गोष्ट म्हणजे खरोखर परत आणणं. रॉ फाइलमध्ये सेन्सरची मूळ मोजणी असते. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक बादलीसाठी १६,३८४ पायऱ्या असतात. कॅमेरा त्यातून जेपीईजी बनवताना कॉन्ट्रास्ट वाढवतो, वरचा काही भाग पांढऱ्यात ढकलतो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जळालेला दिसणारा ढग रॉमध्ये अनेकदा शाबूत असतो. स्लायडर ओढला की तो दिसू लागतो. इथे नवीन काही येत नाही. जे मोजलं होतं, तेच दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अंदाज. समजा लाल चॅनेल भरून वाहिला, पण हिरवा आणि निळा शाबूत आहेत. मग सॉफ्टवेअर आजूबाजूच्या पिक्सेलमधलं तिन्ही रंगांचं प्रमाण बघून लालचा आकडा काढतं. डार्कटेबल, रॉथेरपी यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळी सोय आहे आणि डार्कटेबलमध्ये तर पद्धत निवडताही येते. हा अंदाज असतो, पण त्याच फोटोतल्या पुराव्यावर उभा असतो. चुकला तर रंग जरा इकडेतिकडे होतो, ढगाच्या कडेला गुलाबी किंवा जांभळी झाक येते. नसलेली वस्तू मात्र उगवत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे रचना. तिन्ही चॅनेल भरले, आजूबाजूलाही काही नाही, आणि तरी ॲप तिथे तपशील दाखवतं. तो तपशील फोटोतून आलेला नसतो. मॉडेलने शिकताना पाहिलेल्या दुसऱ्यांच्या फोटोंतून तो येतो. आजीने पकडलेली नथ ही यातली.

अडचण अशी की वापरणाऱ्याला तिन्ही वेळा एकच अनुभव येतो: बटण दाबलं, फोटो सुधारला. ॲप सांगत नाही की यातलं खरं किती, अंदाज किती आणि रचलेलं किती.

फोनने हे दुखणं लपवलं कसं?

तुम्ही म्हणाल, आमच्या फोनमध्ये तर आभाळ नेहमी निळंच येतं, मग एवढी चिंता कशाला? त्यामागे साधारण दहा-बारा वर्षांची चतुराई आहे.

गुगलने २०१३ साली नेक्सस ५ फोनवर 'एचडीआर प्लस' आणलं. २०१६ साली त्यांच्या टीमने ते कसं चालतं यावर शोधनिबंधही प्रसिद्ध केला. त्यातली मूळ कल्पना अगदी साधी: फोटो मुद्दाम अंडर काढायचा, म्हणजे बादल्या भरणारच नाहीत. अंडर काढल्यावर सावलीत नॉइज येणार, म्हणून एकाऐवजी लागोपाठ अनेक फ्रेम टिपायच्या, एकमेकींवर जुळवायच्या आणि सरासरी काढायची. नॉइज प्रत्येक फ्रेममध्ये वेगळीकडे उड्या मारतो, त्यामुळे सरासरीत विरतो. चार फ्रेम जुळवल्या तर तो साधारण निम्मा होतो, नऊ जुळवल्या तर एक तृतीयांश. मग अंधारलेला भाग सॉफ्टवेअरने वर उचलायचा. आभाळही राहतं, चेहराही दिसतो.

पुढे सगळ्याच कंपन्या या वाटेने गेल्या. ॲपलने २०१८ मध्ये आयफोन टेन-एसमध्ये 'स्मार्ट एचडीआर' आणलं. एचडीआर प्लसच्या टीममधले मार्क लेव्हॉय नंतर ॲडोबीत गेले आणि जून २०२५ मध्ये ॲडोबीने 'प्रोजेक्ट इंडिगो' हे कॅमेरा ॲप आयफोनसाठी आणलं. ते नेहमीच्या कॅमेरा ॲपपेक्षा जास्त अंडर टिपतं आणि एका फोटोसाठी ३२ पर्यंत फ्रेम जुळवतं. तत्त्व तेच: जे वाचवायचं ते टिपतानाच वाचवायचं.

ही पद्धत प्रामाणिक आहे. यातला प्रत्येक तपशील सेन्सरने खरोखर मोजलेला असतो. पण तिचा एक तोटा झाला. हायलाइट नावाची गोष्ट सांभाळावी लागते, हेच आपण विसरलो. आणि जिथे ही युक्ती चालत नाही, तिथे आपण बेसावध सापडतो. हलणारी माणसं, स्टेजवरचा स्पॉटलाइट, लांबचा झूम, व्हिडिओ, दुसऱ्या ॲपच्या आतून उघडलेला कॅमेरा, अशा ठिकाणी फोन पुष्कळदा फ्रेम नीट जुळवू शकत नाही किंवा जुळवतच नाही.

यात अलीकडे स्क्रीनचीही भर पडली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून 'अल्ट्रा एचडीआर' हा प्रकार आला. यात साध्या जेपीईजीसोबत 'गेन मॅप' नावाचा एक नकाशा असतो. कोणता भाग किती जास्त उजळ दाखवायचा, हे तो चांगल्या स्क्रीनला सांगतो. म्हणून काही फोटोंत दिवे खरोखर चमकल्यासारखे वाटतात. पण ही सोय दाखवण्याची आहे, वाचवण्याची नाही. जळालेला भाग गेन मॅपने फक्त अधिक प्रखर पांढरा दिसेल. आणि फोटो पाठवताना तो नकाशा वाटेत गळाला, तर समोरच्याला साधाच फोटो मिळतो. 'माझ्या फोनवर मस्त दिसत होता' हे वाक्य त्यामुळे आता वारंवार ऐकू येतं.

चंद्राने केलेला खुलासा

टिपणं आणि रचणं यांतला फरक सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला तो मार्च २०२३ मध्ये. सॅमसंगच्या फोनवर चंद्राचे फोटो फार सुंदर येतात, हे खरं कसं, असा प्रश्न एका रेडिट वापरकर्त्याला पडला. त्याने चंद्राचं एक चित्र घेतलं, ते लहान करून धूसर केलं, खोलीत अंधार करून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावलं आणि लांबून फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत खड्डे आणि डाग व्यवस्थित उमटले, जे समोरच्या चित्रात नव्हतेच.

त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं, आणि आपल्या विषयासाठी तेच महत्त्वाचं. चित्रातला ठरावीक पातळीवरचा सगळा उजळ भाग त्याने थेट शुद्ध पांढरा करून टाकला. म्हणजे हायलाइट्स हाताने जाळले. तरीही फोनने त्या पांढऱ्या भागात पोत भरला. धूसर चित्राबद्दल एक वेळ म्हणता आलं असतं की काहीतरी माहिती शिल्लक होती, ती शोधली. सपाट पांढऱ्यात शोधायला काहीच नव्हतं. सॅमसंगने नंतर स्पष्ट केलं की 'सीन ऑप्टिमायझर' चंद्र ओळखतो आणि एआयच्या मदतीने तपशील वाढवतो, ही सोय बंदही करता येते.

चंद्राच्या बाबतीत नुकसान फारसं नाही. पृथ्वीवरून चंद्राची एकच बाजू दिसते आणि ती सगळ्यांना सारखीच दिसते. पण नथ, चेहऱ्यावरची जखम, हातातला फलक, गाडीचा नंबर, या गोष्टी प्रत्येक फोटोत वेगळ्या असतात. तिथे सरासरीवरून केलेली भर म्हणजे सरळ सरळ चूक.

नियम काय म्हणतो आणि रेषा कुठे ओढतो

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये या नियमांचा मसुदा आणला, तेव्हा चित्राच्या किमान १० टक्के भागावर लेबल असावं असा प्रस्ताव होता. फेब्रुवारी २०२६ च्या अंतिम नियमांत ही टक्केवारीची अट राहिली नाही, पण ठळक लेबल आणि फाइलमध्ये कायम राहणारी ओळख यांची अपेक्षा राहिली. ही जबाबदारी मुख्यतः अशी साधनं देणाऱ्या आणि मजकूर दाखवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर आहे. मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी अपलोड करणाऱ्याकडून 'हे कृत्रिमरीत्या बनवलेलं आहे का' हे विचारून घ्यायचं आहे.

आपल्या कामाचा भाग आहे तो सवलतीचा. रंग सुधारणं, नॉइज कमी करणं, तांत्रिक दुरुस्ती, कॉम्प्रेशन अशी नेहमीची कामं वगळली आहेत. पण त्यालाही अट आहे: मूळ मजकुराचा आशय, संदर्भ किंवा अर्थ त्यामुळे बदलता कामा नये.

ही अट नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. नियम साधन कोणतं वापरलं यावर थांबत नाही, परिणाम काय झाला हे विचारतो. मग आपल्या तीन प्रकारांचं काय होतं? रॉमधून हायलाइट परत आणणं सरळ सवलतीत बसतं. एका चॅनेलचा अंदाज बांधणं हीदेखील तांत्रिक दुरुस्तीच. तिसऱ्या प्रकारात मात्र उत्तर फोटोवर अवलंबून आहे. लग्नाच्या फोटोत मागच्या जळालेल्या खिडकीत एआयने थोडं आकाश भरलं, तर फोटोचा अर्थ फारसा बदलत नाही. तेच बटण दाबून पुराच्या बातमीतल्या फोटोत पांढरं आभाळ काळ्या ढगांनी भरलं, तर बदलतो. बटण एकच, पण एका ठिकाणी सजावट आणि दुसऱ्या ठिकाणी दिशाभूल.

माझ्या मते नियमाची ही बाजू बरोबर आहे. अडचण आहे ती अंमलबजावणीत. 'अर्थ बदलला का' हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. प्लॅटफॉर्म एक तर सरसकट सगळ्यावर लेबल लावतील किंवा कुठेच लावणार नाहीत. सगळीकडेच 'एआय'चा शिक्का दिसू लागला की लोक तो वाचणं सोडून देतात.

वृत्तछायाचित्रणात ही रेषा आधीपासून कडक आहे. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिम टप्प्यांत पोहोचणाऱ्यांकडून कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल मागवून तपासल्या जातात. २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीत आलेल्या फोटोंपैकी सुमारे एक पंचमांश फोटो अशा तपासणीत बाद झाले होते. तिथे उजेड-अंधार कमीजास्त करायला मुभा आहे, पण फोटोत नसलेलं आणायला नाही आणि असलेलं काळ्या किंवा पांढऱ्यात बुडवून नाहीसं करायलाही नाही. म्हणजे हायलाइट मुद्दाम जाळून पार्श्वभूमीतला माणूस घालवणं हीसुद्धा फसवणूकच.

नंबर प्लेटचा प्रश्न

सगळ्यात जास्त पणाला लागतं ते पुराव्यात. गाडीची नंबर प्लेट रिफ्लेक्टिव्ह असते, प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकते. रात्री सीसीटीव्हीचा इन्फ्रारेड दिवा किंवा मागच्या गाडीचा हेडलाइट तिच्यावर पडला की कॅमेऱ्याला दिसतो पांढराफटक आयत. सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात हे तुम्ही पाहिलं असेल. गाडीचा आकार दिसतो, रंग दिसतो, नंबर तेवढा नाही.

आता ही क्लिप कुणी एआय ॲपमध्ये टाकून 'क्लिअर' केली तर? मॉडेल तिथे आकडे लिहून देईल. सुबक, वाचता येतील असे. आणि तो नंबर कुठल्या तरी भलत्याच माणसाच्या गाडीचा असेल.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य नोंदवायचं असतं. हॅश हे सांगू शकतं की नोंद झाल्यानंतर फाइल बदललेली नाही. त्या आधी ती 'एन्हान्स' झाली होती का, हे हॅशला कळत नाही. म्हणून असा प्रसंग आला तर मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं जपून ठेवणं आणि तेच पोलिसांना देणं, एवढंच सुरक्षित.

यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यातच शिक्का मारायची पद्धत पुढे येतेय. 'कंटेंट क्रेडेन्शियल्स' म्हणजे फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला, नंतर काय बदल झाले, याची सही केलेली नोंद फाइलसोबत ठेवायची. ऑक्टोबर २०२३ मधला लायका एम११-पी हा अशी सोय असलेला पहिला कॅमेरा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या गुगल पिक्सेल १० मध्ये ती फोनच्या कॅमेऱ्यात आली, आणि गंमत म्हणजे त्याच मालिकेच्या प्रो फोनमध्ये लांबच्या झूमला तपशील भरणारं जनरेटिव्ह मॉडेलही आहे. रचणारं आणि रचल्याची नोंद ठेवणारं, दोघंही एकाच डब्यात!

हा शिक्काही अभेद्य नाही. निकॉनने २०२५ मध्ये झेड६-थ्रीसाठी ही सोय दिली आणि काही आठवड्यांतच त्यात त्रुटी सापडली. कॅमेऱ्याच्या मल्टिपल एक्स्पोजर सोयीतून, त्या कॅमेऱ्याने न टिपलेल्या चित्रावरही खरेपणाची सही मिळवता येत होती. कंपनीला सेवा थांबवून प्रमाणपत्रं रद्द करावी लागली.

मग शटर दाबण्याआधी काय करायचं?

इतक्या चर्चेनंतर उपाय जुनाच निघतो: जळू द्यायचंच नाही. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही.

१. आधी ठरवा, कोणता उजळ भाग कामाचा आहे. नथ, पांढरी साडी, देवाचा मुकुट, फलकावरची अक्षरं वाचवायची आहेत. दिव्याचा बल्ब, पाण्यावरची तिरीप, भांड्यावरची चमक, खुद्द सूर्य हे पांढरेच असतात, ते जाऊ द्या. सगळंच वाचवायला गेलात तर फोटो करडा आणि निर्जीव होतो.

२. फोनवर त्या उजळ भागावर बोट दाबून धरा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. मग बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, उजळ भागात पोत दिसेपर्यंत. स्क्रीनवर चेहरा जरा अंधारलेला वाटेल. तो नंतर उचलता येतो.

३. काळोखी पार्श्वभूमी आणि मध्ये उजेडातला माणूस, अशा वेळी कॅमेरा हमखास फसतो. त्याला एकूण दृश्य अंधारं वाटतं आणि तो एक्स्पोजर वाढवतो. नाटक, कीर्तन, गरबा, रात्रीची मिरवणूक इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ पासून सुरू करा, गरज पडली तर उणे २.

४. कॅमेऱ्यात झेब्रा पट्टे किंवा लुकलुकणारा हायलाइट इशारा चालू ठेवा. हिस्टोग्राम बघायचा तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, झेंडूची गोष्ट आठवून. काही कॅमेऱ्यांत हायलाइट सांभाळणारं मीटरिंगही असतं. निकॉनने ते २०१४ मध्ये डी८१० पासून दिलं.

५. शक्य तिथे रॉ काढा. पण रॉ आहे म्हणून खूप अंडरही काढू नका. सेन्सरची मोजणी सरळ प्रमाणात असते, त्यामुळे एकूण पायऱ्यांपैकी निम्म्या एकट्या सर्वांत वरच्या स्टॉपमध्ये असतात. काठापर्यंत भरा, सांडू देऊ नका, हे खरं कौशल्य.

६. लाइट तुमच्या हातात असेल तर आधी तो बदला. एलईडी नुसता मागे नेऊन नथीचा प्रश्न सुटत नाही, कारण चेहराही तेवढाच अंधारतो. लाइट मोठा आणि मऊ करा: समोर डिफ्यूझर लावा, भिंतीवर किंवा छतावर मारून परतवा, नाहीतर जरा बाजूला घ्या. प्रखर ठिपका पसरतो, सौम्य होतो आणि मोत्याचा गोलवा दिसू लागतो.

७. महत्त्वाच्या क्षणी एक फ्रेम नेहमीची आणि एक फ्रेम अंडर काढून ठेवा. दोन सेकंद जातात, पण तपशील खरा राहतो.

आणि फोटो आधीच जळाला असेल तर?

आधी मूळ फाइल शोधा. रॉ असेल तर उत्तमच. फोटोग्राफरकडे मागा, आलेला जेपीईजी पुष्कळदा बारीक करून पाठवलेला असतो. त्या क्षणाचा दुसऱ्या कोनातला फोटो किंवा व्हिडिओ पाहा, कदाचित तिथे नथ शाबूत असेल. जळालेला भाग कडेला असेल तर क्रॉप करा. शुद्ध पांढरा ओढून करडा करू नका, मेलेला राखाडी डाग पांढऱ्यापेक्षा वाईट दिसतो. किंचित उबदार झाक दिली तर डोळ्यांना खुपत नाही.

हे सगळं करून भागलं नाही आणि एआयने भरायचंच ठरवलं, तर हरकत नाही. घरचा अल्बम आहे, कोर्टातला पुरावा नाही. फक्त मूळ फोटो पुसू नका आणि भरलेल्या प्रतीच्या नावात तसं लिहून ठेवा. आणखी वीस वर्षांनी नातीने विचारलं की पणजीची नथ कशी होती, तर तिला पांढरा ठिपका दाखवून "इथे उजेड फार होता" म्हणता येईल. ॲपने घडवलेली नथ दाखवून "ही बघ, हीच" म्हणण्यापेक्षा ते बरं. तोवर सांगणारी आजी नसेल, आणि जवळून बघून ओळखणारंही कुणी नसेल.